बुधवारची घंटा

एलरब्रिज, यॉर्कशर
सोमवार, ३ मार्च २०२५

श्रीमती रोवेना पास्को यांस,

आपल्या पर्यटक-कक्षाने तयार केलेल्या ‘एलरब्रिज : काय पाहाल, काय कराल’ या माहितीपत्रकाचा मसुदा पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे तपासणीसाठी पाठवला. चर्चच्या मनोऱ्याचा मानद इतिहासलेखक म्हणून माझी स्वाक्षरी झाल्यावाचून तो छापखान्यात जाणार नाही, हे आपणांस ठाऊक असेलच. ती स्वाक्षरी आज मी करू शकत नाही.

पुलाला सहा नव्हे, पाच कमानी आहेत. आपण मोजलेली सहावी कमान हा नदीच्या पायऱ्यांचा आधार असून तिच्याखालून पाणी नव्हे, कुत्री जातात. बुधवारच्या बाजारातली चक्क्याची टार्ट चुकवू नये, या वाक्याला माझा आक्षेप नाही; टार्टला आहे, कारण हल्ली ती फार गोड करतात. पाचव्या पानावरचे दुसरे वाक्य क्रियापदावाचून लटकले आहे.

एवढे पेन्सिलीने सुधारता येईल. सातव्या पानाचे तसे नाही. आपण लिहिता : “मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या जरूर चढा. नोव्हेंबर १९६७ मधल्या पुराच्या गुरुवारी विल्फ्रेड हेबडन या तरुणाने इथेच एकट्याने मोठी घंटा वाजवली; पण ती कुणालाच ऐकू गेली नाही.”

पूर १९६७ साली नव्हे, १९६८ साली आला. वार गुरुवार नव्हता. बुधवार होता, तारीख १३ नोव्हेंबर. आणि घंटा वाजली नाही.

पुलाच्या मधल्या खांबावरचा तिसरा खुणेचा दगड पाण्याखाली गेला, की त्या आठवड्याच्या पाळीकऱ्याने मोठी घंटा वाजवायची आणि ती ऐकताच खालच्या पेठेने माल सोडून चढावर यायचे, अशी आमच्या गावची रीत. तो आठवडा विल्फ्रेडचा होता. मी त्या वेळी टेकडीवरच्या शाळेत बारा वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवत होतो. वर्गाची खिडकी मनोऱ्याकडे उघडत असे. एकही टोल पडला नाही. मृत्यूच्या चौकशीत मी तशी शपथेवर साक्ष दिलेली आहे. विल्फ्रेड दुपारी मनोऱ्यातच सापडला, कोट अंगाशी घट्ट लपेटून पायरीवर बसलेला. घंटेच्या दोरापासून दहा पावलांवर तो स्वतःचा जीव वाचवून बसला होता.

पेठेतल्या दुकानाच्या तळघरातून चीज वर आणायला उतरलेली मिस रोझलिंड ऑर्म, वय चोवीस, त्या दिवशी बुडून मरण पावली. पुढच्या ईस्टरला तिचा व माझा विवाह व्हायचा होता.

विल्फ्रेड हेबडन माझा धाकटा भाऊ आहे. छप्पन्न वर्षांत मी त्याच्याशी बोललेलो नाही. सातव्या पानावर पुढील वाक्य घालावे : “पाळीवरच्या घंटावादकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे घंटा वाजली नाही.” त्यानंतर मी स्वाक्षरी करीन.

आपला,
क्लेमेंट हेबडन


पर्यटक-कक्ष, बाजारगृह
शुक्रवार, ७ मार्च

हेबडनसर,

तुमचं पत्र वाचून मी काउंटरवर नुसती बसून राहिले. एका बाईंनी येऊन शौचालय कुठे आहे विचारलं, तर मी त्यांना स्मशानाची वाट दाखवली. सर, मला खरंच यातलं काही माहीत नव्हतं. अकरा वर्षं झाली इथे, पण मी पडले कॉर्नवॉलची. बाजारात मला अजून “पाहुण्या बाई” म्हणतात. असलं काही मला कोण सांगणार?

कमानी पाच केल्या. क्रियापद लावलं. साल आणि वार बदलला.

आता मला हे कुठून कळलं ते सांगते. जानेवारीत व्हिट्बीहून एक फोन आला. म्हातारा आवाज, मधे मधे खोकला.

“काय हो बाई, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?”

मी पाठ केलेली यादी म्हणून दाखवली. पूल, बाजार, नदीकाठची वाट, बंधारा, मनोरा.

“मनोऱ्याच्या जिन्याला आता कठडा बसवलाय का?”

“दोर आहे आजोबा, भिंतीला धरून. तुमचं वय काय?”

“एकोणऐंशी. फुप्फुसं एकशे दहाची. जन्मभर बोटींना रंग मारले ना.” मग खोकल्याची एक उबळ आली. “मी होतो त्या घंटेवर. पुराच्या दिवशी. वाजवली मी. तिचा आवाजच निघाला नाही.”

“म्हणजे कसं?”

“म्हणजे असंच. ते जाऊ दे. मला एकदा वर यायचंय, बस. डॉक्टर म्हणतो हा उन्हाळा जमेल, पुढचं त्याला विचारू नका.”

तुमचं पत्र आल्यावर मी त्यांना फोन करून तुमचं वाक्य वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. मग म्हणाले, “क्लेमच अजून तिथला मुकादम का? मग माझं नाव काढून टाका, बाई. कुणी वाजवली, कुणी नाही, काहीच छापू नका. पण ते ‘कसूर’ छापलंत, तर मी त्या गावात पाय ठेवू शकणार नाही.”

सर, तुमचं दुःख मोठं आहे, मी त्यात कोण बोलणार? पण ते मला खोटं बोलणारे वाटले नाहीत. दोन्ही वाक्यं गाळून नुसत्या एकशे बारा पायऱ्याच ठेवू या का?

तुमची,
रोवेना पास्को


एलरब्रिज
मंगळवार, ११ मार्च २०२५

श्रीमती पास्को यांस,

गाळता येणार नाही. एखादी गोष्ट वगळली म्हणजे ती घडली नाही असे होत नाही. माझ्या भावाला या गावात पाय ठेवता येतो की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. माझी बांधिलकी घडलेल्या गोष्टीशी आहे.

वीस हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे एक टन वजनाच्या घंटेचा आवाज निघाला नाही, असे तो म्हणतो. हे एकाच परिस्थितीत शक्य आहे. युद्धस्मृतीच्या रविवारी आम्ही मोठ्या घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोलकावर चामड्याची गवसणी चढवतो. त्यामुळे टोल दबका पडतो व चर्चच्या आवारापलीकडे जात नाही. प्रार्थना संपल्यावर त्याच दुपारी गवसणी काढून पेटीत ठेवायची असते. त्या वर्षी मनोऱ्याचा कार्यवाह मी होतो. ती चढवण्याची व काढण्याची जबाबदारी माझी होती, अन्य कोणाचीही नव्हे, आणि मी नोंदीवाचून कधी खिळाही ठोकला नाही. नोंदवहीच्या त्या पानाची प्रत सोबत जोडतो. आपल्या सोयीसाठी मजकूर येथे उतरवतो :

“शनि. ९ नोव्हें. गवसणी चढवली. क्ले. हे.
रवि. १० नोव्हें. प्रार्थना. दुपारी गवसणी काढली. क्ले. हे.
गुरु. १४ नोव्हें. सराव. उपस्थिती आठ. क्ले. हे.”

अर्थात बुधवारी घंटा पूर्णपणे मोकळी होती. मोकळी घंटा ओढली असती, तर ती मला, माझ्या एकतीस विद्यार्थ्यांना आणि रोझलिंडला ऐकू आली असती.

विल्फ्रेडच्या जबाबदारपणाविषयी आणखी एक गोष्ट याच वहीत आहे. १ डिसेंबरला मनोरा पुन्हा उघडला, तेव्हा पेटीत मोठ्या घंटेची गवसणी नव्हती. किल्ली शेवटी त्याच्याकडे होती. ती वस्तूही त्याने हरवली आणि आम्हांला खोगीर शिवणाऱ्याकडून नवी करून घ्यावी लागली.

आपण दयाळू आहात. दया हा पुरावा नव्हे.

आपला,
क्लेमेंट हेबडन


पर्यटक-कक्ष
सोमवार, १७ मार्च

हेबडनसर,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

तुम्ही पाठवलेलं पान मी नीट वाचलं. मागच्या खेपेला साल चुकलं होतं, म्हणून या वेळी प्रत्येक तारीख पडताळून पाहायची असं ठरवलं आणि वाचनालयात जाऊन त्या वेळचं स्थानिक वर्तमानपत्र काढलं. तुम्ही म्हणता तसंच आहे सगळं. बुधवार, १३ तारीख, सकाळी दहानंतर पाणी चढलं. रोझलिंडचा फोटोही आहे. फार हसऱ्या होत्या.

पण त्याच पानावर खाली एक छोटी बातमी आहे. गुरुवारी, १४ तारखेला, चर्चभोवती अजून छातीइतकं पाणी होतं. मनोऱ्याच्या खालच्या खोलीत गाळ भरला म्हणून पुढची सूचना मिळेपर्यंत दाराला कुलूप. तुम्हीच लिहिलंय की तो १ डिसेंबरला उघडला.

सर, मग गुरुवारी सरावाला आलेले आठ जण कोण?

मी तुमची चूक काढत नाहीये. मला वाटलं मीच वाचताना चुकले, म्हणून तुमच्या मनोऱ्यातल्या जुन्या घंटावादक नाइजेलकडून मूळ वही मागून घेतली आणि पाहिली. शनिवार, रविवार आणि गुरुवार, तिन्ही नोंदी एकाच शाईत आहेत. तिन्हींच्या शेवटच्या अक्षरावर एकच डाग पडलाय, जणू एकदमच टीपकागद दाबलाय. नाइजेल म्हणाला, “सर तर आठवडा सुरू व्हायच्या आधीच आठवडा लिहून टाकायचे. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो, की सर, परवा मला सर्दी होणार आहे का तेही बघून ठेवा.”

तो हसत होता, सर. मला नाही हसता आलं.

तुम्ही रविवारची नोंद केव्हा लिहिली होती?

रोवेना


एलरब्रिज
गुरुवार, २० मार्च २०२५

श्रीमती पास्को यांस,

आपले पत्र मंगळवारी मिळाले. आज गुरुवार आहे. मधल्या बुधवारी मी काय केले, ते मला सांगता येत नाही.

नोंद शनिवारी लिहिली होती.

मी असे का करत असे, हे सांगतो. सबब म्हणून नव्हे. ठरलेले काम मी करणारच, याविषयी मला कधी शंका वाटली नाही. म्हणून शनिवारी वही उघडायची, आठवडा लिहून टाकायचा, टिपायचा आणि मग तो त्याप्रमाणे जगायचा. सहा वर्षे यात एकदाही अंतर पडले नव्हते.

रविवारी प्रार्थनेनंतर मी गवसणी काढायला निघालो. माझा एक पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. दाराशी रोझलिंड उभी होती. तिच्या हातात कागदात गुंडाळलेले पार्किन होते. आमच्याकडे नोव्हेंबरात करतात तो आल्याचा केक. ती म्हणाली, “अहो लॅटिन, तुमच्या घंटेला काय पंख फुटलेत? उद्या काढा. बंधाऱ्यावर ऊन आहे ते आत्ता आहे.”

मी म्हणालो, “दहा मिनिटं थांब.”

ती म्हणाली, “दहा मिनिटांत हे सगळं मी खाऊन टाकीन. मग बसा घंटा चाटत.”

मी पाय मागे घेतला. बंधाऱ्यावर खरोखरच ऊन होते. सोमवारी शाळा होती. मंगळवारी सकाळी मी वही उघडून पाहिली. तीत माझ्या अक्षरात ‘गवसणी काढली’ असे लिहिलेले होते. मी वही मिटली.

हे मी विसरलो नव्हतो, श्रीमती पास्को. बंधारा, ऊन, कागदावरचा तेलकट डाग, सारे मला रोज आठवत आले आहे. त्यानंतर मी मनोऱ्यावर चढलोच नाही, एवढेच मला कधी आठवले नाही. तसे काही झाल्याचे वहीत नव्हते.

छपाई कृपया थांबवावी. माझ्या भावाचा पत्ता कळवावा.

क्लेमेंट हेबडन


एलरब्रिज
सोमवार, २४ मार्च २०२५

विल्फ्रेड,

श्रीमती पास्को यांच्याकडून तुझा पत्ता मिळाला. एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. बुधवार, १३ नोव्हेंबर १९६८ रोजी मोठ्या घंटेच्या लोलकावर गवसणी होती काय?

क्लेमेंट


व्हिट्बी
२८ मार्च

क्लेम,

होती.

छप्पन्न वर्षांनी पत्र आलं, तेही शाळेच्या दाखल्यासारखं. तुझं अक्षर पाकिटावर ओळखलं आणि चहा सांडला. बाई सांगत होत्या की तुला कळलंय. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. तुझ्या वहीनेच सांगितलं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. तिसरा दगड बुडाला तसा मी पळत गेलो आणि दोर धरला. ओढतोय, ओढतोय, वरून नुसतं धप धप. उशीवर बुक्का मारावा तसं. मला वाटलं, नदीचा घोंघाट आहे, मला ऐकू येत नाही, लोकांना येत असेल. अर्धा तास ओढलं. हाताची सालटं निघाली. मग खिडकीतून बघितलं तर पेठेत माणसं अजून कोबी विकत होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. शिडीवरून वर गेलो. तुझी गवसणी, तुझ्या त्या दुहेरी गाठीची, जी माझ्याच्याने जन्मात सुटली नाही. सुरीने कापली. खाली येऊन परत दोर धरेपर्यंत पेठ नव्हतीच. नुसतं पाणी होतं आणि त्यावर टोपल्या. जिन्याखालून कुणीतरी ओरडलं, “ऑर्मची पोर तळघरात होती!”

मी गवसणी कोटात घातली. तेवढंच सुचलं.

तू तेव्हा कसा होतास ते तुला आठवत नसेल. एक चमचा उलटा ठेवला तरी तुला रात्रभर झोप यायची नाही. हे तुला कळलं असतं तर तू त्याच नदीत गेला असतास, आणि आईला रोझलिंडपाठोपाठ तुलाही पुरायला लागलं असतं. आधी वाटलं, एक महिनाभर गप्प बसू. मग तू शपथेवर सांगितलंस की घंटा वाजलीच नाही. मी म्हणालो, वाजवली. का ऐकू आली नाही, ते कुणीच विचारलं नाही. तूही नाही. तू समोर बसून माझ्याकडे असा बघत होतास, की मला वाटलं, बरं आहे, याला कुणावर तरी रागवायला मिळालंय, त्यावर जगेल हा.

आणि जगलास की. ब्याऐंशी वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

सोबत पार्सल आहे. चामडं कडक झालंय. टाकून द्यायचं होतं, पण दर वेळी घर बदलताना बरोबर आलं. गाठ तशीच ठेवलीय, कापलंय ते दुसऱ्या बाजूने.

आता पत्रात माफीबिफी लिहू नकोस, तुला ते धड लिहिता येणार नाही. त्या बाई म्हणतात जिन्याला दोर लावलाय. तू पुढे चढणार की मागे?

विल्फ


एलरब्रिज
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

श्रीमती पास्को यांस,

माहितीपत्रकाचा मसुदा स्वाक्षरी करून परत पाठवत आहे. सातव्या पानावरचा मजकूर असा छापावा :

“मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या जरूर चढा. बुधवार, १३ नोव्हेंबर १९६८ रोजी एलर नदीला पूर आला असता विल्फ्रेड हेबडन याने येथून मोठी घंटा वाजवली. क्लेमेंट हेबडन याने तिच्या लोलकावरची गवसणी काढलेली नसल्यामुळे ती कोणालाही ऐकू गेली नाही. गवसणी घंटेच्या दोराच्या खोलीत पाहावयास ठेवली आहे.”

सहलीला आलेल्या माणसाने चक्क्याची टार्ट खाता खाता हे का वाचावे, असे आपण विचाराल. आपला पहिला मसुदा बरोबर होता, श्रीमती पास्को. साल आणि वार एवढेच चुकले होते. ते मी सुधारले आणि खरे तेवढे खोडायला निघालो होतो. माझ्या नावाचे वाक्य सौम्य करू नये. चौकशीच्या कागदपत्रांना जोडण्यासाठी स्वतंत्र निवेदन मी कालच जिल्ह्याच्या कचेरीत दिले आहे.

विल्फ्रेड बुधवारी सकाळच्या बसने आला. मी थांब्यावर उभा होतो. तो उतरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “अरे देवा, तू तर बाबांसारखा दिसायला लागलास.” मी त्याच्या पिशवीला हात घातला. तो म्हणाला, “राहू दे, तुझ्याने ती उचलवणार नाही.” ती माझ्याने उचलवली नाही, हे खरे आहे. दोघांनी मिळून धरली.

घंटेच्या दोराची खोली एकेचाळिसाव्या पायरीवर आहे. त्यावर आम्ही त्याला जाऊ दिले नाही. तो सहा वेळा बसला. वर पोहोचल्यावर मी दोराकडे हात केला, तेव्हा तो म्हणाला, “तू इथे काय करतोयस? इथला आवाज मला माहीत आहे. तू खाली जा.” नाइजेल त्याच्या जवळ थांबला आणि मी खाली गेलो.

पुढील तारखा मनोऱ्याच्या नोंदवहीत मूळ नोंदींसमोर लाल शाईने लिहिल्या आहेत. त्यांची एक प्रत आपल्या कक्षात असावी.

शनिवार, ९ नोव्हेंबर १९६८. गवसणी चढवली, ही नोंद खरी. त्याच दिवशी पुढच्या गुरुवारपर्यंतच्या नोंदी लिहिल्या. तेव्हा त्यांपैकी काहीही घडलेले नव्हते.

रविवार, १० नोव्हेंबर १९६८. गवसणी काढली नाही. कार्यवाह बंधाऱ्यावर गेला होता.

बुधवार, १३ नोव्हेंबर १९६८. विल्फ्रेड हेबडन याने सकाळी दहा वाजून वीस मिनिटांपासून अर्धा तास मोठी घंटा वाजवली. रोझलिंड ऑर्म मरण पावली. कारणासाठी वरील नोंद पाहावी.

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९६८. सराव झाला नाही. उपस्थिती : कोणी नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९६८. मृत्यूची चौकशी. विल्फ्रेड हेबडन याची साक्ष खरी. क्लेमेंट हेबडन याची साक्ष चुकीची.

सोमवार, २५ नोव्हेंबर १९६८. विल्फ्रेड हेबडन याने गाव सोडले. वहीतला ‘पळाला’ हा शब्द खोडला आहे.

रविवार, १ डिसेंबर १९६८. गवसणी हरवली नव्हती. ती सांभाळून ठेवलेली होती.

बुधवार, ९ एप्रिल २०२५. विल्फ्रेड हेबडन याने मोठी घंटा वाजवली, टोल अकरा. खालच्या पेठेत, नदीच्या पायऱ्यांपाशी, पूर्वी ऑर्म यांचे चीजचे दुकान होते त्या जागी स्पष्ट ऐकू आली. ऐकणारा : क्लेमेंट हेबडन. ही नोंद गुरुवारी, १० एप्रिल रोजी, घंटा वाजल्यानंतर लिहिली.